बटर पेपरवरची वाट

अहिरे सरांइतका घाबरट डॉक्टर मी आजवर पाहिलेला नाही. जळगावच्या ज्या खासगी दवाखान्यात मी दुर्बिणीच्या खोलीत टेक्निशियन होते, तिथं छातीचे आजार बघायला ते होते. बाकीच्या डॉक्टरांचा थाट वेगळा. हाडांचे डॉक्टर ऑपरेशन करता करता क्रिकेटचा स्कोअर विचारायचे, भूल देणाऱ्या मॅडम फोनवर भाजी मागवायच्या. अहिरे सर मात्र ज्या दिवशी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीच्या नळीनं फुफ्फुसाची तपासणी, असेल त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. पेशंटला उपाशी ठेवतो, मग मी कसा खाऊ, असं कारण सांगायचे. ऐकणाऱ्याला अगदी भरून यायचं. मला आठवड्याभरात खरं कारण कळलं. भीतीनं त्यांच्या घशाखाली घोटच उतरत नसे.

आणि ही भीती ते लपवायचेही नाहीत. टेबलावर झोपलेल्या माणसाला वाकून विचारायचे, "भीती वाटते का?" पेशंट हो म्हणाला की म्हणायचे, "मलाही वाटते. चला, सुरू करू." एकदा भुसावळच्या एका रेल्वे गार्डानं हे ऐकलं आणि तो हातातल्या सलाईनसकट उठून बाहेर चालू लागला. मॅनेजरनी सरांना केबिनमध्ये बोलावून समज दिली. डॉक्टरनं पेशंटला धीर द्यायचा असतो, असं ते म्हणाले. सर म्हणाले, धीर देईन, पण खोटं कसं सांगू. त्यानंतर पंधरा दिवस ते पेशंटला फक्त नाव विचारत होते. मग पुन्हा सुरू. तो गार्ड दुसऱ्या दिवशी आपणहून परत आला आणि मला हेच डॉक्टर पाहिजेत म्हणाला, ही गोष्ट मॅनेजरच्या पचनी कधीच पडली नाही.

दिसायला उंच, किडकिडीत. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन जादा भोकं. मूळचे साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावचे. वडील टपाल वाटायचे. तिकडच्या पाड्यांवर दारावर नाव नाही, घराला नंबर नाही आणि एकाच नावाची चार-चार माणसं. चुकीच्या दारात पत्र पडलं की वडील दुसऱ्या दिवशी सगळी वाट पुन्हा चालत जाऊन ते परत आणायचे, एवढं सरांनी मला एकदा सांगितलं होतं. एरवी घरच्या गोष्टी ते काढत नसत. बोलणं शहरी, स्वच्छ मराठी. फार घाबरले की मात्र तोंडातून अहिराणी बाहेर पडायची, आणि आम्हा सगळ्यांना कळायचं की आता खोलीत कुणी खोकायचंसुद्धा नाही.

त्यांचं काम सांगायला हवं, नाहीतर या भीतीचा पत्ता लागणार नाही. फुफ्फुसात लांब कुठंतरी एखादा ठिपका सीटी स्कॅनवर दिसतो. तुरीच्या दाण्याएवढा, कधी हरभऱ्याएवढा. तो टीबीचा असेल, जुना व्रण असेल, कॅन्सर असेल. नुसतं बघून सांगता येत नाही, त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यासाठी तोंडातून किंवा नाकातून बारीक नळी घालायची आणि श्वासनलिकेच्या फांद्यांतून वाट काढत तिथवर पोचायचं. फांदीला फांदी फुटत जाते. चार-पाच वळणांनंतर सगळ्या फांद्या एकसारख्या दिसतात, आणि ठिपका तर डोळ्यांना दिसतच नाही, तो भिंतीच्या पलीकडे असतो. मोठ्या शहरांत ही वाट दाखवणारी यंत्रं आली आहेत. आमच्याकडे अहिरे सर होते, पेन्सिल होती आणि बटर पेपरची गुंडाळी होती.

पेशंटला समजावण्यासाठी त्यांनी ओपीडीत एक वाळलेली पऱ्हाटी खिळ्याला उलटी टांगली होती. आमच्या भागात कुणाला कपाशीचं झाड समजावून सांगावं लागत नाही. हे खोड म्हणजे तुमची श्वासनलिका, या फांद्या, आणि हे बोंड. इथवर आपल्याला जायचंय, असं ते बोट फिरवत सांगायचे. शेतकरी लगेच मान डोलवायचे. एका म्हाताऱ्यानं ती पऱ्हाटी नीट निरखून, या झाडाला पाणी कमी पडलेलं दिसतं, असं सरांना ऐकवलं होतं. सरांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

वाट आखायचं काम आदल्या दिवशी दुपारी चाले. स्क्रीनवर सीटीचं एकेक चित्र पुढं सरकवायचं, फाटा दिसला की कागदावर फाटा काढायचा. खोडरबर वापरायचं नाही. चुकलं तर कागद फाडून पहिल्यापासून सुरुवात. एका ठिपक्याला कधी दोन-दोन तास लागायचे. आणि यात एक मेख होती. सीटीचं चित्र पेशंटच्या पायांशी उभं राहून बघितल्यासारखं असतं. आम्ही उभे असतो त्याच्या डोक्याशी. म्हणजे चित्रातलं डावं-उजवं आम्हाला उलटं दिसणार. म्हणून वाट आरपार दिसणाऱ्या कागदावर काढायची आणि कागद उलटा करून दुर्बिणीच्या पडद्याशेजारी चिकटवायचा. पण हे झालं फुफ्फुसाच्या खालच्या भागाचं. वरच्या भागात जाताना नळीचं टोक वळून वर बघतं, म्हणजे पुन्हा पायांकडून बघितल्यासारखंच झालं. तिथं कागद उलटायचा नाही. पहिल्या दिवशी सरांनी हे सांगितलं तेव्हा मी शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी जाऊन आरशासमोर हात वरखाली करून बघत बसले. सासूबाईंना वाटलं मला वात आलाय.

कागद सर स्वतःच्या हातानं चिकटवायचे. मग पाठांतर. ते कागदावरून वळणं मोठ्यानं वाचायचे, मी मागून म्हणायची, असं तीनदा. मागची, बाहेरची, बाहेरची, आतली. नळी आत असताना त्यांना कागदाकडे मान वळवायला फुरसत नसते. तेव्हा वळणं मी म्हणायची आणि ते वळायचे.

एकदा धुळ्याच्या एका रिक्षावाल्याचा तुकडा घेतला आणि पडदा लाल झाला. नुसता लाल, बाकी काही दिसेना. अशा वेळी हात आपोआप नळी बाहेर ओढायला बघतो. सरांनी ती होती तिथंच दाबून धरली, म्हणजे रक्त त्या एका फांदीतच अडून राहतं, आणि थंड सलाईन मागितलं.

"कोनी हालू नका," ते म्हणाले. "माले भीती वाटी ऱ्हायनी, पन मी धरेल शे."

सात-आठ मिनिटं ते तसेच वाकून उभे होते. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता आणि तो पुसायची माझी छाती झाली नाही. रक्त थांबलं. रिक्षावाला तासाभरानं शुद्धीवर येऊन चहा मागू लागला, तेव्हा सर मागच्या जिन्यावर हातमोज्यांसकट बसलेले होते. मी पाणी नेलं. ते म्हणाले, घाबरलो होतो म्हणून हाललो नाही, धीट असतो तर नळी ओढली असती. ते थट्टा करतायत असं मला तेव्हा वाटलं.

पुढं कधीतरी एका कंपनीचा माणूस वाट दाखवणारं यंत्र दाखवायला घेऊन आला. यंत्रानं सीटीवरून वाट काही सेकंदांत आखली. सरांनी त्याच पेशंटची वाट दीड तास खपून काढली होती. दोन्ही सारख्या, फक्त शेवटचं वळण वेगळं. सगळे सरांच्या तोंडाकडे बघायला लागलो. त्यांनी पुन्हा एकेक चित्र सरकवलं, अर्धा तास लावला आणि म्हणाले, "यंत्राचं बरोबर आहे." स्वतःचा कागद त्यांनी तिथल्या तिथं फाडला. मग त्या माणसाला विचारलं, याला खात्री नसली तर हे सांगतं का? तो हसला. सर हसले नाहीत, उत्तराची वाट बघत राहिले. यंत्र काही आमच्याकडे आलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. रिपोर्टात काही सापडलं नाही की बाकीचे डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकतात. सर त्या फायली वेगळ्या ठेवायचे आणि दर शनिवारी दुपारी त्यांतले कागद काढून पुन्हा सीटीशी ताडून बघायचे. "घर रिकामं होतं, की आपण शेजारच्या घरात डोकावलो?" असं ते दर वेळी म्हणायचे. मी त्यावरून त्यांची नक्कल करून सिस्टर लोकांना हसवत असे.

कमलअक्का आल्या त्या जामनेरजवळच्या एका खेड्यातून, मुलाबरोबर. पन्नाशी ओलांडलेली बाई, घरची केळी आणि कपाशी, शिवाय अंगणवाडीत नोकरी. महिनाभर खोकला जात नव्हता. सीटीत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात तुरीच्या दाण्याएवढा ठिपका निघाला. गावाकडच्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हटलं होतं आणि मुलाला, योगेशला, तेच हवं होतं. टीबी बरा होतो हे त्याला माहीत होतं, दुसऱ्या आजाराचं नावही त्याला ऐकायचं नव्हतं. सर म्हणाले, नाव कळल्याशिवाय मी औषध देणार नाही. टीबी नसला तर सहा महिने तुम्ही गोळ्या खाल आणि आतला आजार आपला वाढत राहील.

अक्कांनी पऱ्हाटीकडे बघून विचारलं, बोंड लहान आहे ना? सर म्हणाले, लहान आहे, कॅन्सर असला तरी आत्ता कापून काढता येईल एवढं लहान आहे. म्हणून घाई करायची. अक्का बरं म्हणाल्या. योगेश एकदम बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या आठवड्यात आमच्या चार ब्रॉन्कोस्कोप्या झाल्या होत्या, चारही खालच्या भागातल्या. चार वेळा कागद उलटा होऊन चिकटताना मी बघितला होता. पाचवी अक्कांची. सर कागद टेबलावर ठेवून हात धुवायला निघाले आणि आयसीयूतून फोन आला, कुणाचा तरी श्वास अडकला होता. ते धावत गेले. अक्का टेबलावर, भुलेच्या मॅडम घड्याळ बघतायत. वेळ वाचावा म्हणून मी कागद उचलला, उलटा केला आणि टेप लावली. मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण आता तरबेज झालो, असं मला वाटत होतं.

सर परत आले ते घामाघूम होऊन. कागदासमोर उभे राहिले, वळणं वाचली. मी मागून म्हटली. दोघांनी मिळून चूक तीनदा पाठ केली. पहिली मोठी वळणं सरांच्या हाताला सवयीची होती, ती बरोबर झाली. पुढची तीन बारीक वळणं मी म्हटली आणि ते वळले. एकदा थांबून ते म्हणाले, जरा आतल्या अंगाला आल्यासारखं वाटतंय. मी कागदाकडे बघून म्हटलं, "बरोबर आहे, सर." त्यांनी तुकडे घेतले.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला, तुकड्यात फुफ्फुसाचा साधा निरोगी भाग, दोष काही नाही. योगेश पेढ्यांचा पुडा घेऊन आला. गावातही वाटले म्हणाला. सरांनी एक पेढा खाल्ला, मी दोन खाल्ले.

शनिवारी दुपारी सरांनी अक्कांची फाइल काढली. मी समोर बसून नळ्या पुसत होते. त्यांनी कागद उजेडाला धरला, स्क्रीनकडे बघितलं, परत कागदाकडे. मग त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. बटर पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो, पण पेन्सिल एकाच बाजूला असते, बोटाला काळं लागतं. अक्कांच्या कागदावर टेपेचे तुकडे कोऱ्या बाजूला होते. म्हणजे कागद उलटा लागला होता, जिथं उलटायचा नव्हता तिथं.

ते बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत बसले. कागद कुणी लावला, हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी मी पुढं दोन वर्षं स्वतःची समजूत घालत आले. त्या दुपारी मी पुसलेल्या नळ्या पुन्हा पुसत राहिले. घरी दोन मुलं, नवऱ्याची नोकरी सुटलेली. हा ठपका माझ्या नावावर आला तर जळगावात मला कोण उभं करणार, एवढंच डोक्यात होतं. अक्का मला त्या दुपारी आठवल्यासुद्धा नाहीत. याची मला आजही लाज वाटते.

पुढचे तीन दिवस सर डबा उघडायचे आणि मिटून ठेवायचे. हात धुताना नळ तसाच वाहत राहायचा. सोमवारी त्यांनी मॅनेजरना सांगितलं. मॅनेजरनी दार लावून घेतलं. तरी आवाज बाहेर येत होता. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करायला बोलवा, ठिपका वाढलेला दिसला तर पुन्हा तुकडा घ्या, असंच सगळीकडे करतात, त्यात कागदाची गोष्ट कुठं काढता, असं त्यांचं म्हणणं होतं. गावातून जीपगाड्या भरून माणसं येतात आणि काचा फुटतात हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मला मनातून वाटलं, मॅनेजरचं ऐकावं यांनी.

बुधवारी सकाळी ते मला म्हणाले, "वैशाली, जामनेरला येतेस? एकट्यानं जाववत नाही."

आम्ही एसटीनं गेलो. गाडी होती त्यांची, पण हात स्थिर नाही, चालवणार नाही म्हणाले. सबंध रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते. सांगायची वाक्यं ते पाठ करत असावेत. मी प्रत्येक थांब्यावर ठरवत होते की पुढच्या थांब्याच्या आत यांना सांगून टाकायचं. अशी चार-पाच गावं गेली आणि जामनेर आलं. तिथून खेड्यापर्यंत रिक्षा केली, तिच्यात दुसरी माणसं होती, हे मला बरंच झालं.

डॉक्टर स्वतः घरी आले म्हणून अक्कांच्या ओसरीत दहा-बारा भाऊबंद गोळा झाले. पोहे आले, चहा आला. कुणीतरी सरांसाठी पंखा वळवला. सरांनी कपाला हात लावला नाही.

"अक्का, मी चुकीच्या फांदीत गेलो होतो," ते म्हणाले. "तुकडा निघाला तो शेजारचा. ठिपका आहे तिथंच आहे. तो कसला आहे, हे आपल्याला अजून माहीत नाही."

मग योगेश उठला. "पेढे वाटले आम्ही," तो म्हणाला. "अख्ख्या गावात वाटले." एका काकानं उठून बाहेरचं दार लोटलं. शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून असेल, पण मला फुटलेल्या काचा आठवल्या. पोह्यांची बशी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

"वाटेचा कागद उलटा लागला होता," सर म्हणाले. "चूक माझी आहे. तुम्हाला जे करायचं ते करा, फक्त यांना दोन दिवसांत परत पाठवा. उशीर करू नका."

चूक माझी आहे, असं ते म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बशीतल्या एका शेंगदाण्यावर नजर लावून मी गप्प बसले. अक्कांनी योगेशला हातानं खाली बसवलं.

"तुमी सांगतलं नसतं तं मले कळलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"नसतं कळलं."

"मंग कायले सांगतलं?"

एवढी पाठ केलेली वाक्यं, त्यांत हे नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तो ठिपका वाढतोय का, याची मला रोज भीती वाटली असती."

अक्का म्हणाल्या, "आता मले बी वाटू राहिली. उद्या सकायच्या गाडीनं येते मी." आणि सुनेला हाक मारून सरांचा गार झालेला चहा बदलायला सांगितला.

दुसऱ्या खेपेला सरांनी वाट नव्यानं काढली, कागद स्वतः लावला, त्यावरून बोट फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. दोघांच्या बोटांना काळं लागलं. मी वळणं म्हटली तेव्हा भुलेच्या मॅडमनी सर्दी झालीय का विचारलं. योगेश दाराच्या काचेला नाक लावून उभा होता. नळी गेली, तुकडे निघाले, आणि या वेळी रिपोर्टात नाव आलं. कॅन्सर. लहान, आजूबाजूला न पसरलेला. अक्कांना नाशिकला नेलं, फुफ्फुसाचा तेवढा भाग काढला. पुढं कसली औषधंही लागली नाहीत. तीन महिने थांबलो असतो तर काय झालं असतं, हे मी सरांना विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

वर्षअखेरीस दवाखान्यानं सरांचा करार पुढं वाढवला नाही. कारण वेगळंच दाखवलं. निरोपाला शाल, नारळ, मॅनेजरचं भाषण, सगळं रीतसर झालं. भाषणात सरांच्या प्रामाणिकपणाचा उल्लेख होता. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही, आणि ते धुळ्याला निघून गेले.

अक्का दर सहा महिन्यांनी सीटी करून घेतात आणि ती दाखवायला धुळ्याला जातात. योगेश म्हणतो, जळगावात काय डॉक्टर मेले का. पण चुकलं तं चुकलं म्हनून सांगनारा डाक्टर मले तोच माहीत, असं त्या म्हणतात आणि पिशवी उचलतात. गेल्या महिन्यात योगेशची केळीची गाडी भरायची होती, म्हणून त्यांनी सोबतीला मला बोलावलं. त्या दोन वर्षांत त्या मला लेकीसारखं मानायला लागल्या होत्या. माझ्यासाठी बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या पाठवायच्या. प्रत्येक डबा घेताना मला कसंनुसं व्हायचं.

सरांचा दवाखाना धुळ्याच्या बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोन खोल्या, बाहेर एक बाक, आत भिंतीवर बुद्धाची लहान तसबीर. दुर्बीण तिथं नाही. हात आता फार थरथरतो म्हणून त्यांनी नळी धरणं सोडलंय. गावोगावचे डॉक्टर सीटीच्या सीडी पाठवतात आणि सर वाटा आखून देतात. केस पांढरे झालेत, पट्ट्याला आणखी एक भोक पडलंय.

अक्कांची सीटी बघायला त्यांनी अर्धा तास घेतला. एकेक चित्र पुढं, परत मागं. अक्का स्टुलावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. एका ठिकाणी सर थांबले आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. तिथं ते इतका वेळ थांबले की अक्कांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

"स्वच्छ आहे, अक्का."

अक्कांनी हात जोडले आणि योगेशला फोन करायला बाहेर बाकावर गेल्या. मी उठले नाही. इतक्या दिवसांचं ओझं एकदम हलकं झाल्यासारखं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं.

"सर, तो कागद मी लावला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी आयसीयूत होतो ना."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"लावलास तू. वाचला मी. वाचणाऱ्यानं बघायचं असतं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "सीटी स्वच्छ निघाली म्हणून आज सांगतेयस. डाग निघाला असता तर सांगितलं असतंस का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि मला उत्तर माहीत होतं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली.

"अक्का अजून बाहेरच आहेत," ते म्हणाले आणि दुसऱ्या कुणाची तरी सीडी कॉम्प्युटरमध्ये सरकवली.

दारापाशी जाऊन मी मागं वळून बघितलं. ते स्क्रीनकडे झुकले होते आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून रेघ ओढत होते. रेघ थोडी वाकडी गेली असावी, कारण त्यांनी कागद टराटरा फाडला आणि नवा घेतला. मी तिथं उभी आहे हे त्यांना कळलं असेल, पण त्यांनी वर बघितलं नाही.

बाहेर अक्कांचं बोलणं संपत आलं होतं. त्या हसत होत्या, पेढे आण म्हणून योगेशला सांगत होत्या. मला बघून त्या बाकावर सरकल्या आणि शेजारची धूळ पदरानं पुसून मला जागा करून दिली. मी बसले.

"अक्का, तो कागद मी लावला होता," मी म्हटलं.